साडेसातशे आणि पाचशे चाळीस

आमच्या घरात पहिलं ताट भूक लागलेल्याला मिळत नाही, मोठा आकडा सांगणाऱ्याला मिळतं. हा कायदा माझ्या सासऱ्यांचा. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांनी उभा जन्म खडीच्या खाणीच्या फाटकावर, वजनकाट्याच्या खोलीत काढला. रिकामा ट्रक आत जाताना एक वजन, भरून बाहेर पडताना दुसरं वजन, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की खडी किती ते कळायचं. ड्रायव्हर लोक त्यांना टरकून असत. ट्रकमध्ये थोडी जरी जास्त खडी निघाली तरी अण्णा तो मागे फिरवायचे, आणि ड्रायव्हर गयावया करू लागला की खिडकीची काच ओढून घ्यायचे. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, खाज सुटली नाही. आता ते आम्हाला तोलतात.

त्यांचे दोन्ही मुलगे अणुवीज केंद्रात आहेत. केंद्र समुद्रकाठी, आमच्या गावापासून बसने तासाभरावर. तिथे दोन अणुभट्ट्या आहेत, एक जुनी आणि एक नवी. थोरले दीर, म्हणजे आमचे दादा, जुन्या भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये बसतात. माझा नवरा नव्या भट्टीच्या टर्बाइनवर असतो. आमच्या गल्लीत त्या केंद्रात जाणारं दुसरं कुणी नाही. त्यामुळे आत काय चालतं ते आम्हाला या दोघांच्या तोंडून कळेल तेवढंच.

रात्रीच्या जेवणाला सगळे टेबलाशी बसले की अण्णा आपलं रिकामं ताट बोटाने वाजवतात आणि विचारतात, "आज किती?"

"साडेसातशे," दादा म्हणतात.

"आणि पासंग, तुझं?"

"पाचशे चाळीस," माझा नवरा म्हणतो.

बस. मेगावॅट हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही. रोज तेच दोन आकडे, कारण अणुभट्टी ही काही गाय नव्हे, आज दोन लिटर जास्त आणि उद्या कमी द्यायला. तरी अण्णा रोज विचारतात, रोज नव्याने ऐकल्यासारखी मान हलवतात आणि माझ्या जावेला म्हणतात, "वाढ दादाला." मग दादा, मग दादांचा गोटू, मग माझा नवरा, आणि सगळ्यात शेवटी माझी भिंगरी. तिच्यापर्यंत भाताचं पातेलं पोहोचतं तेव्हा त्यात खरवड उरलेली असते. भिंगरीला वाटायचं, खरवड हाच तिचा आवडता पदार्थ आहे. आपल्या वाट्याला जे येतं तेच आवडतं असं ठरवून टाकायची अक्कल तिला तिच्या बापाकडून आली.

जुनी भट्टी मोठी आणि नवी लहान, हे कसं, असं मी लग्न होऊन आल्यावर एकदा विचारलं होतं. अण्णांनी उत्तर दिलं, "पूर्वीच्या लोकांची छाती मोठी होती." दादा ताटात बघून जेवत राहिले. माझा नवरा पाणी प्यायला.

आता हे 'पासंग' काय ते सांगते. तराजूचं एक पारडं हलकं पडलं तर बरोबरी साधायला त्याला जो बारका खडा बांधतात, तो पासंग. माझ्या नवऱ्याला हे नाव त्याच्या बापाने दिलं. दोघं भाऊ लहान असताना अण्णा त्यांना एकदा खाणीवर घेऊन गेले आणि गंमत म्हणून एकेकाला ट्रकच्या काट्यावर उभं केलं. त्या काट्याची सगळ्यात बारीक रेघ वीस किलोची. दादा अंगाने भरलेले, त्यांना बघून काटा एक रेघ सरकला. अण्णांनी टाळी वाजवली. मग हा चढला. काटा ढिम्म. अण्णांनी रांगेतल्या ड्रायव्हरांना हाका मारून बोलावलं, "अरे या, बघा! हे पोरगं काट्याला दिसतच नाही! दादाच्या पासंगालाही पुरणार नाही हे!" आठ-दहा बाप्ये पोट धरून हसले. हा काट्यावर उड्या मारत होता, काटा हलावा म्हणून. ही गोष्ट अण्णा अजून पाहुण्यांना सांगतात, उड्यांसकट. ट्रकच्या काट्यावर पोर तोलायचं आणि काटा हलला नाही म्हणून पोराला हसायचं, हे डोकं अण्णांचंच.

मला त्याचंही फारसं काही वाटलं नसतं. नवरा माझा मोठा माणूस आहे, त्याचा बाप, तो आणि त्याचं नशीब. पण गेल्या वर्षापासून अण्णांनी पोरांना धरलं. "गोटू, आज किती?" म्हणजे शाळेत मार्क किती, धावण्यात नंबर कितवा, वजन किती, उंची किती, जे सुचेल ते. मग भिंगरीला. गोटू तिच्याहून दीड वर्षाने मोठा, तो सगळ्यातच पुढे. अण्णा भिंगरीला म्हणू लागले, "बापाचीच पोर. पासंगाचा पासंग." तिला त्याचा अर्थ कळत नव्हता तोवर ती हसायची. अर्थ कळला त्या दिवसापासून ती जेवायच्या आधी शू करायला जाऊ लागली, दोनदोनदा. मला एवढंच हवं होतं की माझी पोर या काट्यावरून खाली उतरावी.

तर एके दिवशी गणिताचे मार्क विचारले गेले.

"अडुसष्ट," गोटू म्हणाला.

"आणि तुझं गं?"

"बहात्तर," भिंगरी म्हणाली.

अण्णांनी चष्म्यातून तिच्याकडे रोखून बघितलं. मग ते म्हणाले, "वाढ हिला. गोटूच्या आधी." गोटूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अण्णा त्याला म्हणाले, "रडून वजन वाढत नाही." भिंगरीने वरचा, मऊ, वाफाळता भात पहिल्यांदा खाल्ला. मी सुखावले, हे कशाला लपवू? रात्रभर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या वेणीत रिबन बांधताना मी म्हटलं, "बहात्तर म्हणजे वर्गात पहिली असशील."

"चोवीस मिळाले, आई. पंचवीसपैकी."

माझा हात थांबला. "मग बहात्तर कुठून आले?"

"ती माझी उष्णता," भिंगरी म्हणाली.

मी तिला आरशासमोरून फिरवून माझ्यासमोर उभी केली. तिने न घाबरता समजावून सांगितलं. बाबाने तिला दाखवलं होतं म्हणे. किटली गॅसवर ठेवून तोटीसमोर कागदाचं भिरभिरं धरलं होतं. आगीची सगळी ताकद भिरभिऱ्याला मिळत नाही. भट्टीतही तसंच. भट्टी जेवढी तापते त्याच्या साधारण तिसरा हिस्सा वीज होते, बाकीची उष्णता समुद्रात जाते. "काका उष्णता सांगतात आणि बाबा वीज सांगतो," ती म्हणाली. "म्हणून काकांचा आकडा मोठा. मग मी पण माझे मार्क तिप्पट केले. बरोबर केलं ना?"

मी तिची दुसरी वेणी इतकी घट्ट घातली की ती ओरडली.

दुपारी नवरा पहिल्या पाळीहून परत आला आणि मागच्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करू लागला. मी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"दादांची भट्टी वीज किती देते?"

तो बुटाचं टोक अंगठ्याने घासू लागला.

"मी विचारतेय."

"दोनशे वीस," तो म्हणाला.

"आणि तुमची?"

"सांगतो की रोज. पाचशे चाळीस."

"आणि तुमची उष्णता?"

"सतराशेच्या वर. पण तो आकडा काढून उपयोग नाही. दोन भट्ट्यांची तुलना करायची तर दोन्हीकडे माप एक हवं. उष्णता तर दोघांची उष्णता, वीज तर दोघांची वीज. एकाचं ओलं वजन आणि दुसऱ्याचं वाळवून, असं कुणी करत नाही."

"कुणी करत नाही! या घरात रोज रात्री करतात!" मी ओरडले. "अडीचपट मोठी भट्टी तुझी, आणि माझी पोर खरवड खाते!"

"हळू बोल," तो म्हणाला. "दादा खोटं बोलत नाही. त्याच्या समोरच्या मीटरवर साडेसातशेच दिसतं. त्याचं काम भट्टी बघायचं, माझं टर्बाइन बघायचं. अण्णांनी पहिल्या दिवशी विचारलं, किती? त्याने समोर दिसलं ते सांगितलं, मी माझ्यासमोर दिसलं ते. माझ्याही लक्षात आलं नाही आधी. आलं तोवर अण्णांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते."

"मग तेव्हा मिठाची गुळणी धरून का बसलास?"

त्याने ब्रश परत मागायला हात पुढे केला. मी दिला नाही. मग तो बुटाकडे बघत म्हणाला, "दादाला दोनदा बढतीतून वगळलंय. वहिनीला माहीत नाही. त्याच्याकडे तो साडेसातशे सोडून दुसरं काही नाही गं. अण्णांच्या समोर तो त्या आकड्यावरच उभा राहतो. माझं काय अडलंय? भात भातच असतो."

असा हा माणूस. दादांच्या भट्टीतून समुद्रात जाणाऱ्या गरम पाण्यात मासे शेकत असतील, आणि हा त्या माशांचीही काळजी करील. त्याने माझ्याकडून वचन मागितलं की अण्णांना काही सांगायचं नाही. मी 'बघू' म्हटलं. भिंगरीला त्याने जवळ बसवून सांगितलं की पंचवीसपैकी चोवीस खूप छान असतात आणि काकांची गोष्ट काकांपाशी राहू द्यायची. तिने मान डोलावली. बापाचं ती ऐकते.

पण गोटू काही मुका नव्हता. त्याने शाळेत चौकशी केली. चौकशी करायला आजोबांनीच शिकवलं होतं. त्या रात्री अण्णांनी 'आज किती?' विचारायच्या आतच तो म्हणाला, "आजोबा, तिचा पेपर पंचवीसचा होता!"

अण्णांनी हातातला चमचा खाली ठेवला. "खरं?"

भिंगरीने बापाकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं. काका पाण्याच्या ग्लासची कड बोटाने पुसत होते.

"खरं," ती म्हणाली.

"माझ्या काट्यावर खोटं वजन सांगणाऱ्या गाडीला मी उन्हात उभी ठेवायचो, दिवस मावळेपर्यंत," अण्णा म्हणाले. "ताट पुढ्यात ठेव. रिकामं. सगळ्यांचं होईपर्यंत बसायचं आणि बघायचं."

"अण्णा, लहान आहे ती," माझा नवरा म्हणाला.

"तूही लहान होतास. तुझं काय वाकडं झालं?"

सगळे जेवले. म्हणजे अण्णा आणि दादा जेवले, बाकीच्यांनी ताटातलं चिवडलं. माझी पोर रिकाम्या ताटापुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. ती रडली नाही. ती काकांच्या तोंडाकडे बघत होती. दादांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. तिने जे एकदा केलं ते हा बाप्या रोज करून दुसऱ्यांदा भात मागतो, आणि ही एवढीशी पोर वचन पाळून गप्प बसते. दादांचा प्रत्येक घास मी मोजला. त्या रात्री नवऱ्याला दिलेलं 'बघू' माझ्यापुरतं संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई बाहेर गेल्या होत्या, दोघं भाऊ कामावर, पोरं शाळेत. अण्णा आपल्या खोलीत पितळी तराजू पुसत बसले होते. त्या तराजूवर काही तोलत नाहीत, नुसता पुसतात. मी दारातच उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. उष्णता काय, वीज काय, तिसरा हिस्सा काय. किटलीही सांगितली. शेवटी म्हटलं, "अण्णा, तुम्ही तर काट्यावरची माणसं. ट्रकसकट वजन म्हणजे खडी नव्हे, हे तुम्ही आम्हाला शिकवायचं. दादा रोज तुम्हाला ट्रकसकट वजन सांगतात."

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल. निदान हातातलं फडकं तरी थांबेल.

"माहीत आहे," अण्णा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"सगळं. पहिल्या महिन्यातच कळलं, तेव्हा मी अजून काट्यावरच होतो. दादाचा साहेब खाणीवर खडी न्यायला माणूस पाठवायचा, तो बोलून गेला. भरलेल्या गाडीतून रिकामी वजा करण्यात जन्म गेला माझा, आणि तू मला किटली सांगतेस?"

ते पारडी पुसत राहिले, आधी एक, मग दुसरं.

"मग का?" मी कशीबशी म्हटलं.

"कारण दादाचा आकडा काढून घेतला तर दादा मोडतो. तुझ्या नवऱ्याचा काढून घेतला तर तो पाणी पितो. मग तूच सांग, कुणाचा काढावा?"

"कुणाचाच काढू नये! विचारूच नये!"

"मग जेवायला मजा काय?" अण्णा म्हणाले, आणि ते खरंच हसले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटत होतं, हा म्हातारा चुकतोय, याला कुणीतरी सांगायला हवं. आणि म्हातारा तर इतकी वर्षं आरामात बसून बघत होता. माझ्या नवऱ्याला ताट मिळण्याआधी त्याची मान कशी खाली जाते ते. दादांचा घसा 'साडेसातशे' म्हणताना कसा कोरडा पडतो ते. दोघंही त्याच्या एकाच काट्यावर होते.

"मी वाट बघत होतो," ते म्हणाले, "पासंग कधी तोंड उघडतो त्याची. त्याने उघडलंच नाही. शेवटी बायकोला पाठवलं."

"त्यांनी पाठवलं नाही. मी माझ्या पोरीसाठी आले."

"तेच म्हणतो मी." अण्णांनी तराजू उचलून धरला. रिकामी पारडी हलत होती. "तुला बरोबरी नकोय. तुझी पोर गोटूच्या आधी हवीय तुला. बहात्तर म्हणाली तेव्हा तुझं तोंड बघितलं मी."

"खोटं आहे," मी म्हटलं. "मला फक्त खरं काय ते सगळ्यांसमोर यायला हवंय. आज रात्री दादांना विचारा, वीज किती. बस, एवढंच."

"विचारतो की," अण्णा म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून विचारतो."

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा त्याला सांगावं असं दोनदा माझ्या मनात आलं. तो भिंगरीला पाठुंगळी घेऊन अंगणात फिरत होता. ती त्याच्या कानात विचारत होती, आज पण पाचशे चाळीस का, आणि तो म्हणत होता, हो राणी, आज पण. मी आत येऊन तांदूळ धुतले. जाऊबाईंना म्हटलं, आज तुम्ही बसा, मी वाढते.

सगळे बसले. अण्णांनी ताट वाजवलं.

"दादा, आज किती?"

"साडेसातशे."

"ही उष्णता झाली. वीज बोल."

दादा हसले. कुणी चेष्टा केल्यावर आपल्याला ती कळली आहे असं दाखवायला माणूस हसतो, तसे. "म्हणजे काय, अण्णा?"

"म्हणजे ट्रकसकट वजन सांगू नकोस. खडी किती?"

"आमच्या पॅनेलवर ना, अण्णा, रिअॅक्टरचा जो..."

"खडी किती?"

माझ्या नवऱ्याने झटकन माझ्याकडे बघितलं. मी पातेल्यातला भात डावाने मोकळा करत होते.

"दोनशे वीस," दादा म्हणाले.

"मोठ्याने. इतकी वर्षं छाती फुगवून सांगत होतास, आता घसा का बसला?"

"दोनशे वीस."

"दोनशे वीसच?" गोटूने विचारलं. त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं, त्याला खरंच कळलं नव्हतं. जाऊबाईंनी त्याच्या मांडीवर हात दाबला. दादांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. इतका मोठा माणूस, काट्यावर उभं केलेल्या पोरासारखा बसला होता.

"शाब्बास," अण्णा म्हणाले. "बढतीतून दोनदा का वगळलं ते आता कळलं. बायकोला सांगितलंस का तेही, की तिलाही नुसती उष्णताच सांगितलीस?"

जाऊबाईंचा हात गोटूच्या मांडीवरून निघाला. ही गोष्ट मी अण्णांना सांगितली नव्हती. त्यांना तीही आधीच ठाऊक होती.

"अण्णा, पुरे," माझा नवरा म्हणाला.

"पुरे कसं? तुझा आकडा राहिला ना. पासंग... नाही, थांबा, आता पासंग कुणाला म्हणायचं तेही नव्याने ठरवावं लागेल. बोल. तुझ्या बायकोने मुद्दाम सांगितलंय विचारायला."

आता सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्यानेही बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला आवडलं असतं. तो दमलेला दिसत होता. मग त्याने मान वळवली आणि दादांकडे बघत शांतपणे म्हणाला, "आमची भट्टी बंद आहे. सकाळी ट्रिप झाली. आज शून्य."

दादांनी डोळे वर केले. दोघं भाऊ एकमेकांकडे बघत होते. त्या क्षणी विषय तिथेच मिटला असता. अण्णा काहीतरी खवचट बोलले असते, मी वाढलं असतं, सगळे जेवून उठले असते. पण भिंगरी खुर्चीवर उभी राहिली.

"खोटं! बाबा, खोटं! मघाशी तूच म्हणालास पाचशे चाळीस! मी खोटं बोलले तर मला उपाशी ठेवलं, मग तू का खोटं बोलतोस?" तिने अण्णांकडे वळून बोट दाखवलं. "आजोबा, बाबाची भट्टी चालू आहे. पाचशे चाळीस आहे. काकांचे दोनशे वीसच आहेत!"

अण्णांना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "ही खरी माझी नात. पहिलं ताट हिला."

दादा उठले. माझ्या नवऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकून टाकला.

"बायकोला पुढे केलंस होय?" दादा म्हणाले. "आणि वर पोरीकडून वदवून घेतलंस. शून्य म्हणे. भीक घालतोस मला?"

"दादा, मी नाही रे..."

पण दादा दाराबाहेर पडले होते. माझा नवरा चपला न घालता त्यांच्या मागे धावला. जाऊबाई उठून आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. टेबलाशी अण्णा, दोन पोरं आणि डाव हातात घेतलेली मी, एवढेच उरलो. गोटू आवाज न करता रडत होता. त्याचे अश्रू रिकाम्या ताटात पडत होते आणि तो ते बोटाने पुसत होता.

भिंगरी खुर्चीवर खाली बसली. तिने गोटूकडे जरा वेळ निरखून बघितलं. मग पुढे वाकून, अण्णांच्याच सुरात, त्यांच्यासारखीच मान तिरकी करून ती म्हणाली, "पासंग."

अण्णा माझ्याकडे बघत होते, दुपारी तराजू धरून बघितलं होतं तसेच, शांत चेहऱ्याने.

"वाढ," ते म्हणाले.

गोटूचं ताट माझ्या हाताशी होतं. भिंगरीचं टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होतं. मी पातेलं उचललं, टेबलाला वळसा घातला आणि आधी भिंगरीला वाढलं.